सायकलचा मागचा लाईट कोणता घेऊ? रोज अंधारात ये-जा आहे

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय.

ऑफिसला जाऊन येऊन साधारण २२ किमी सायकल होते. सकाळी निघतो तेव्हा उजाडलेलं नसतं आणि परत येताना तर मिट्ट काळोख. अर्ध्या रस्त्याला दिवे आहेत, उरलेल्यात नाहीत आणि नेमक्या तिथेच गाड्या सुसाट जातात. पुढच्या लाईटचं टेन्शन नाही, तो कमी पडला तर मलाच खड्डा दिसत नाही म्हणजे लगेच कळतं. मागच्याचं तसं नाही ना, तो बंद पडला तरी मी आपला मजेत पॅडल मारतोय.

झालं असं की परवा ऑफिसमधला एकजण म्हणाला, अरे काल तुझ्या मागे मीच होतो गाडीत, लाईट लावत जा रे, अगदी जवळ आल्यावर दिसलास. आता मी तर लाईट लावल्याशिवाय निघतच नाही! घरी येऊन बघितलं, चालू होता, ब्लिंक पण होत होता. म्हणजे उजेडच कमी पडतोय असं धरून चाललोय. सध्याचा २० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आहे, सीटपोस्टला म्हणजे सीटखालच्या दांड्याला रबराने अडकवलेला. १००-१५० ल्युमेनवाला घेऊ का? ब्लिंकिंग बरं की सलग? आणि चार्जिंगवाला घ्यावा की सेलवाला? पावसातही चालवतो, तेही धरून सांगा.

प्रतिसाद:
थांबा, लगेच नवीन घेऊ नका. पाठीला सॅक असते का? जर्किन किती लांब आहे? सीटखाली पाऊच वगैरे? एक करा, घरातल्या कुणाला तरी तुमच्याच जर्किन-सॅकसकट सायकलवर बसवा आणि अंधारात पन्नासेक पावलं मागे जाऊन बघा. मग थोडं डावीकडून, उजवीकडून बघा. स्टँडवर लावलेल्या सायकलचा लाईट सगळ्यांचाच छान दिसतो.

प्रतिसाद:
ल्युमेनच्या आकड्यामागे लागू नका, २० ल्युमेन नीट मागे फेकले तर अंधाऱ्या रस्त्यावर लांबून दिसतात. १५० वाले मोड बहुतेक दिवसासाठी असतात, रात्री मागून येणाऱ्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात (मी होतो तो सायकलवाला, शिव्या घातल्यात). ब्लिंकिंगने लक्ष पटकन जातं पण सायकल नेमकी किती लांब आहे हा अंदाज मागच्याला नीट येत नाही, म्हणून मी दोन लावतो, एक सलग आणि एक ब्लिंकिंग, एकाने दगा दिला तर दुसरा असतोच. आणि रिफ्लेक्टर काढला असेल तर परत लावा, त्याला चार्जिंग लागत नाही. घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टी बांधली तर अजून उत्तम, ती वरखाली होते त्यामुळे हा सायकलवाला आहे हे लगेच कळतं.

प्रतिसाद:
पावसासाठी लाईटचा आयपीएक्स आकडा बघा, पाण्यापासून किती बचाव आहे ते तो सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी झेलेल एवढंच. मडगार्ड नसेल तर चाकाचा चिखल थेट लाईटवर येतो, तेव्हा आयपीएक्स ६ किंवा ७ बघा. चार्जिंगच्या पिनवरचं रबरी झाकण नीट बसतंय ना तेही बघा, पाणी तिथूनच शिरतं. खोक्यावर लिहिलेले ३० तास सगळ्यात मंद ब्लिंकिंगचे असतात, सलग मोडचे किती ते वेगळं वाचा. थंडीत बॅटरी अजून लवकर बसते. सेलवाल्याचा फायदा असा की खिशात दोन सेल टाकले की काम झालं, पण तो हळूहळू मंद होत जातो आणि चालवणाऱ्याला कळतही नाही.
सायकल वर्षानुवर्षं हीच राहणार असेल तर हब डायनॅमोचा (चाकाच्या मधोमध बसतो, चाक फिरलं की वीज तयार होते) विचार करा. ६ व्होल्ट ३ वॅट, चार्जिंगची कटकटच नाही, आणि स्टँडलाईटवाला मागचा लाईट घेतला तर सिग्नलला थांबल्यावरही काही मिनिटं चालू राहतो.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार, काल रात्री टेस्ट केली. भावाला माझं रेनकोटचं जर्किन घालून बसवलं आणि मागे गेलो, तर काय, लाईट गायब! जर्किनची मागची झालर बरोब्बर त्याच्यावर लोंबत होती. ती वर खोचली तरी उजेड सगळा मागच्या टायरवर, कारण सीटपोस्ट तिरका आहे आणि रबर ढिलं पडून लाईट खाली झुकलाय. म्हणजे इतके दिवस मी टायरला उजेड दाखवत फिरत होतो.

तर आता कॅरियरला बोल्टने बसणारा सलग लाईट घेतोय आणि जुना ब्लिंकिंगवर हेल्मेटच्या मागे. फक्त एक सांगा, माझ्या कॅरियरच्या मागच्या पट्टीवर दोन भोकं आहेत, मोजली तर ८० मिमी अंतर भरलं, आणि मला आवडलेल्या लाईटचे बोल्ट ५० वर आहेत. मधे पट्टी टाकून कुणी बसवलाय का? खड्ड्यांत खडखडत नाही ना?