बेवारस मृतदेह जाळावा की पुरावा?

गोदाकाठ, नांदेड:
गोदावरीच्या पात्रात अनोळखी मृतदेह सापडला की मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन होते, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात आणि काही दिवसांत दहन उरकले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की असा मृतदेह जाळू नये, क्रमांक घालून पुरावा, आणि त्याआधी निदान एक दाढ काढून ठेवावी. दाढेच्या कठीण कवचाआड डीएनए वर्षानुवर्षे टिकतो, चितेत तो बहुधा उरत नाही. शिवाय मृत्यूच्या कारणाविषयी पुढे शंका आली, तर पुरलेला मृतदेह दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बाहेर काढून तपासता येतो.

निवृत्त जमादार, परभणी:
डीएनए ताडून पाहणार कोणाशी? बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे नमुने सहसा कोणी घेतलेलेच नसतात. २०१९ च्या डीएनए विधेयकात अशा नोंदींची तरतूद होती, पण ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. माझ्या नोकरीत ओळख पटली ती साध्या गोष्टींवरून. पाण्यात राहिलेल्या देहाच्या हाताची कातडी मोज्यासारखी सुटून येते. ती जपली तर तिच्यावरूनही बोटांचे ठसे घेता येतात. वरची कातडी गेल्यावर गोंदण उलट अधिक ठळक दिसते. एका म्हातारीच्या हातावरचे भावाचे नाव आम्ही असेच वाचले. पंचनाम्यात ‘अंगावर साडी’ एवढेच लिहून मोकळे होणाऱ्याच्या हाती दाढ देऊन काय होणार?

कोयतेवाला, बीड:
जमादारसाहेब, आमची माणसे ऊसतोडीला सहा-सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे असतात. तिकडे एखादा मेला, तर त्याचे गोंदण ओळखणारे कोण आहे? घरच्यांना पत्ता लागेपर्यंत राख झालेली असते. मग सात वर्षे बेपत्ता राहिल्याशिवाय कायदा त्याला मृत धरत नाही आणि तोवर बायको ना सधवा, ना विधवा. दाढ असेल तर दोन वर्षांनी आलेल्या आईच्या रक्ताशीही ती जुळवता येते.

वाचक, लातूर:
मृत हिंदू असेल तर त्याला पुरणे हा त्याच्यावर अन्याय नाही का?

गोदाकाठ, नांदेड:
आपल्या लातुरातच लिंगायतांमध्ये पुरण्याची रीत आहे. नाव नसलेल्या माणसाचा धर्म आपण कशावरून ठरवतो, हेही सांगावे.

निवृत्त जमादार, परभणी:
कोयतेवाल्या दादांचे सात वर्षांचे म्हणणे मला मान्य आहे, तेव्हा दाढ काढावी. मात्र ती ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ठेवू नये. तिथे उंदरांनी खाल्लेल्या पुड्यांचे पंचनामेही मीच लिहिलेले आहेत.