रोजची प्रार्थना: कधी, कुठे, कशी? बहिणींनो, आपले अनुभव लिहा

जय ख्रिस्त, बहिणींनो.

प्रार्थनेवर उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण घरातली बाई प्रत्यक्ष प्रार्थनेला बसते कधी, हे कुणी विचारत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू सांगतो, आपल्या खोलीत जा, दार लावून घे. मी वाढले त्या चाळीत दार लावून बसता येईल अशी खोलीच नव्हती. नळाला पाणी यायच्या आधी आई उठायची आणि ओट्याला टेकून, डोक्यावर पदर घेऊन, उभ्यानेच प्रार्थना करायची. पाणी आलं की आमेन.

माझं ठाम मत आहे की मन लागेल तेव्हा प्रार्थना करू म्हटलं, तर बाईच्या वाट्याला ती येतच नाही. वेळ ठरलेली हवी, मग मन लागो न लागो. तुम्हाला काय वाटतं? तुमची वेळ कोणती, शब्द कुठले, आणि शब्दच फुटत नाहीत तेव्हा काय करता? नाव नको, गाव आणि काम लिहिलं तरी पुरे.

मिरज, नर्स

रात्रपाळीला ठरलेली वेळ कुठून आणू, ताई? मी वेळ नाही, जागा ठरवली आहे. हँडओव्हर घेतलं की औषधांच्या ट्रॉलीपाशी हात धुताना मी त्या रात्रीच्या सिरियस पेशंटांची नावं प्रभूपुढे ठेवते. हात धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढीच प्रार्थना. बायबलच्या जुन्या करारातला नहेम्या राजासमोर उभा होता. राजाने विचारलं, तुला काय हवं? उत्तर देण्याआधी त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कितीसा वेळ गेला असेल? मला त्या वचनाचा फार आधार वाटतो.

आणि स्तोत्र 121. "मी आपली दृष्टी पर्वताकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" पुढे त्यातच आहे की आपला राखणारा झोपत नाही, डुलकीही घेत नाही. पहाटे तीन वाजता वॉर्डमध्ये जागं असलेल्या बाईला हे वचन कसं लागतं, ते दिवसपाळीवाल्यांना सांगून कळायचं नाही.

वसई, शिवणकाम

माझं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. माहेरी प्रार्थना म्हणजे मनातलं बोलायचं. पाठ एकच, प्रभूने शिकवलेली. सासरी रोज रात्री जेवणाआधी आल्तारसमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मेणबत्ती लागायची, सगळं घर गुडघ्यावर, आणि सासूबाई जपमाळ सुरू करायच्या. रहस्ये म्हणजे येशू आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, जप करताना मनात आणायचे: सोमवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी दुःखाची, बुधवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली, असं सासऱ्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मे आणि ऑक्टोबरमध्ये आळीतल्या बायकाही यायच्या.

पन्नास वेळा तेच 'नमो मारिया' म्हणायचं, यात मन कुठे असतं, असं मला वाटायचं. मी म्हणायचे, पण पाव्हणीसारखी.

मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तर भलताच शब्द तोंडातून यायचा आणि त्यांना तो चुकल्याचं कळायचं, डोळे भरून यायचे. माझं नाव त्यांना घेता येईना. दवाखान्यातून घरी आणलं त्याच रात्री आम्ही त्यांच्या कॉटभोवती जपमाळ घेतली. नवऱ्याने 'नमो मारिया' म्हटलं आणि उत्तराच्या अर्ध्या भागात, "आता व आमच्या मरणाच्या वेळी", सासूबाईंचा आवाज आला. जडभारी, पण अक्षर न् अक्षर. डाव्या हाताचा अंगठा मण्यावरून पुढे सरकत होता.

वाचेच्या उपचारांसाठी ज्या बाई यायच्या त्यांनी सांगितलं की, वर्षानुवर्षं म्हटलेले शब्द, गाणी, आकडे कधी कधी असे शिल्लक राहतात. बोलणं गेलं तरी ते जात नाहीत. मेंदूचं ते तसं असेल. मला एवढंच दिसलं की या बाईने आयुष्यभर रोज जे म्हटलं, तेच तिच्यापाशी उरलं होतं. त्या शेवटपर्यंत जपमाळेत बोलत होत्या, एरवी नाही.

आता जपमाळ मी सुरू करते. सकाळची प्रार्थना मात्र अजून माहेरच्यासारखीच, माझ्या शब्दांत, मशीनवर बसण्याआधी. दोन्ही लागतात.

केडगावजवळ, शिक्षिका

रोजच्या प्रार्थनेबद्दल बोलायचं आणि पंडिता रमाबाईंचं नाव नाही, असं व्हायला नको. 1905 च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलीबाळींना रोज मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या, प्रार्थनेला एकत्र बोलावलं. त्या वर्षी जूनच्या अखेरीस मुक्तीत जे आत्मिक जागरण झालं, म्हणजे विश्वासाची जी लाट आली, त्याबद्दल सगळे बोलतात. त्याआधीच्या त्या रोजच्या, साध्या बैठकांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. या मुलींपैकी कितीतरी दुष्काळातून आलेल्या, काही बालविधवा. त्याच दिवसा हातमागावर, शेतात, छापखान्यात काम करायच्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करत होत्या, तेही सोप्या मराठीत, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. काम आणि प्रार्थना ही दोन खाती आहेत असं त्या अंगणात कुणाला वाटत नव्हतं. मी वर्गावर जाण्याआधी हजेरीपटावर हात ठेवून प्रार्थना करते, ती तिथूनच शिकले.

सोलापूर, गृहिणी

मी वेगळं लिहिणार आहे, समजून घ्या.

माझा मुलगा गेला. तापाने. त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना करता आली नाही. समाचाराला आलेल्या एका बाईंनी ओट्याजवळ हळूच विचारलं, "प्रार्थनेत कुठे कमी पडलात का?" बहिणींनो, असं कुणालाही विचारू नका. कधीच नाही.

आमच्या पाळकीणबाई मात्र रोज दुपारी यायच्या, नुसत्या बसायच्या. एक दिवस त्यांनी स्तोत्र 88 वाचलं. बाकीची रडगाणी असलेली बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. मी विचारलं, हे पवित्र शास्त्रात आहे? त्या म्हणाल्या, आहे, आणि ही प्रार्थनाच आहे. मग मी रोज दुपारी तेच वाचायला लागले. दुसरं काही नाही. देवाशी भांडायला का होईना, पण रोज त्याच्यासमोर बसत होते. हा धागा काढून प्रश्न विचारणाऱ्या ताईंना सांगते: शब्द फुटत नाहीत तेव्हा मी दुसऱ्याच्या दुःखाचे शब्द घेते.

धागा काढणारी

सोलापूरच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आज संध्याकाळी आमच्या महिला मंडळात, तुमची हरकत नसेल तर, हेच स्तोत्र वाचणार आहे.

नाशिक, बालवाडी ताई

नवरा दारू पिऊन मारायचा. सगळे सांगायचे, प्रार्थना कर, सोस, प्रभू त्याला बदलेल. मी रोज पहाटे केली. त्या प्रार्थनेतूनच मला एक दिवस स्पष्ट कळलं की प्रभूला माझा मार मान्य नाही. घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. अर्जावर सही करतानाही मी प्रार्थनाच करत होते. इथे कुणी त्या जागी असेल तर सांगते: प्रार्थना सोडू नकोस, आणि अर्जही कर. प्रार्थनेच्या नावाखाली तुला गप्प बसवणाऱ्यांचं ऐकू नकोस.

सावंतवाडी, मासळी विक्री

आमच्याकडे संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळच. बाजारातून यायला उशीर झाला तर पोरं सुरू करतात, मी पाय धुऊन मधेच बसते. एवढंच. पण चुकत नाही.

पुणे, सध्या घरी

सहा महिन्यांचं बाळ आहे. लग्नाआधी रोज सकाळी वचन वाचून, वहीत लिहून प्रार्थना करायचे. आता बसले की बाळ उठतं. खूप अपराधी वाटतं. काय करू?

वसई, शिवणकाम

अपराधी काय वाटायचं त्यात! पाजताना प्रभूची प्रार्थना म्हण, मोठ्याने. एका पाजण्याला एकच ओळ घेतलीस तरी चालेल: "हे आमच्या स्वर्गातील पित्या." त्यावर राहा. पुढच्या वेळी पुढची ओळ.

मिरज, नर्स

आणि ती वही टाकून देऊ नकोस. बाळ पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, तारखा त्यात लिही आणि प्रत्येक तारखेपुढे एक वाक्य आभाराचं. रात्री दोनला उठशील तेव्हा मीही वॉर्डमध्ये जागीच असेन. बाळाचं नाव कळव, हात धुताना घेईन.