मदत हवी आहे: गुणोत्तराची सीमा १, तरीही एक श्रेणी अभिसारी (बेरीज ठराविक संख्येकडे जाणारी) आणि दुसरी अपसारी (तशी न जाणारी)

बी. एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी हवं आहे. श्रेणी अशी: न = २ पासून, पद (−१)^न ÷ (√न + (−१)^न).

मुलं लगेच लाइबनिट्झची कसोटी लावतात (चिन्हं आलटून पालटून येत असतील आणि पदांची निरपेक्ष किंमत सलग घटत शून्याकडे जात असेल तर श्रेणी अभिसारी). चिन्हं आलटून पालटून येतात, पदं शून्याकडे जातात, हे खरंच आहे. पण पदांची निरपेक्ष किंमत सलग घटत नाही: ०.४१४, १.३६६, ०.३३३, ०.८०९... म्हणून कसोटी लागूच होत नाही. (−१)^न ÷ √न शी लिमिट कंपॅरिझन केलं (म्हणजे दोन्ही श्रेणींच्या पदांच्या गुणोत्तराची सीमा पाहिली) तर सीमा १ येते, पण ती कसोटी फक्त धन पदांसाठी आहे.

छेदाचं परिमेयीकरण केलं की पद फुटतं: (−१)^न √न ÷ (न−१) वजा १ ÷ (न−१). पहिला भाग लाइबनिट्झने अभिसारी, दुसरा हार्मोनिक (१ + १/२ + १/३ + ..., बेरीज अनंत), म्हणजे श्रेणी अपसारी. इथवर शंका नाही.

√न च्या जागी न^(३/४) घेतलं की उरलेला भाग साधारण १ ÷ न^(३/२) इतका होतो आणि श्रेणी अभिसारी ठरते. (−१)^न ÷ न^(३/४) शी गुणोत्तराची सीमा तिथेही १ च.

आबेलच्या अभिसरण कसोटीच्या धर्तीवर, गुणोत्तराच्या लागोपाठच्या फरकांची निरपेक्ष बेरीज सांत असेल तर अभिसरण टिकतं, ही अट तपासली. दोन्ही उदाहरणांत ती बेरीज अनंत येते, त्यामुळे फरक कळत नाही.

घातांक १/२ आणि ३/४ यांना वेगळं करणारी, पद न फोडता थेट गुणोत्तरावर लावता येईल अशी एखादी कसोटी आहे का?