परदेशात शिकताना व्हिसा वाढवणं: कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

गणपतीला गावाकडं यायचं तिकीट आधी निघतं आणि व्हिसाची तारीख नंतर बघितली जाते. म्हणून हा धागा. आपली कहाणी नको. कागद, रक्कम, मुदत आणि कुठं अडतं तेवढं लिहा.

रंकाळ्याकडचा
अमेरिकेपासून सुरू करतो, गोंधळ तिथंच जास्त. पासपोर्टावरचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसाचा) शिक्का आत येण्यापुरता. राहायची परवानगी चालते आय-२० वर, म्हणजे कॉलेज देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यावर. शिक्का संपला, पण आय-२० चालू आणि शिक्षण पूर्ण वेळ चालू, तर काही बिघडत नाही. नवा शिक्का मात्र अमेरिकेत बसून मिळत नाही.

जपायची ती आय-२० वरची कोर्स संपायची तारीख. थिसिस लांबणार असं दिसलं की त्याआधीच कॉलेजच्या डीएसओकडं (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) मुदतवाढ मागा. कारण अभ्यासाचं किंवा आजारपणाचं लागतं, नुसतं नापास झालो हे चालत नाही. खर्चाचा नवा पुरावाही लागतो. घरी यायच्या आधी आय-२० चं दुसरं पान बघा: प्रवासाची सही वर्षभर चालते, ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणारी कामाची परवानगी) सहाच महिने.

बिंदू चौक
वरच्याला जोडून, नवा शिक्का घ्यायला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाणाऱ्यांसाठी. व्हिसाची फी १८५ डॉलर. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंद) नंबर तोच असेल तर सेव्हिस फी पुन्हा भरायची नसते. घरची माणसं घाबरून भरून टाकतात. सप्टेंबर २०२५ पासून विनामुलाखत सवलत विद्यार्थ्यांना जवळजवळ बंद झाली. बोटांचे ठसे एका दिवशी, मुलाखत बहुधा दुसऱ्या दिवशी. तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरायचं आणि रात्री परत, हा हिशेब धरू नका. डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) दुरुस्त करून नव्यानं भरला तर त्याचा नवा नंबर अपॉइंटमेंटमध्येही बदला. नाहीतर दारातच अडवतात.

शाहूपुरी_स्टुटगार्ट
जर्मनीत उलटं, काम तिथल्या आउसलेंडरबेहोर्डेतच (परदेशी नागरिकांचं कार्यालय) होतं. राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपायच्या आधी अर्ज जायलाच पाहिजे, मग अपॉइंटमेंट नंतरची का मिळेना. ऑनलाइन अर्जाची पोच जपून ठेवा. वेळेत अर्ज गेला की निर्णय लागेपर्यंत जुनी परवानगी चालू धरतात. त्याचा दाखला म्हणजे फिक्तिओन्सबेशाइनिगुंग, फी १३ युरो.

हा कागद हातात आला की आधी तिसरं पान बघा. तिथं चौकोन आहेत. तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ (४) च्या चौकोनात फुली असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्ट घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं. फुली ८१ (३) वर असेल तर त्या कागदावर परत आत येता येत नाही. एका फुलीचा फरक आहे, आणि बरेच जण ती विमानतळावर पहिल्यांदा बघतात. तिथल्या काउंटरवर हा कागद ओळखीचा असेलच असं नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा.

पैसे महिना ९९२, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे. मुदतवाढीची फी ९३ युरो. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच. वय ३० झालं की स्वस्त विद्यार्थी आरोग्य विमा त्या सेमिस्टरअखेर संपतो, त्याची सोय अर्जाआधी लावा.

कसबा बावडा
यूके. नवा कॅस (विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा क्रमांक) आल्याशिवाय अर्ज नाही, आणि कॅस सहा महिन्यांपेक्षा जुना नको. चालू व्हिसा संपल्यापासून २८ दिवसांच्या आत नवा कोर्स सुरू व्हायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये फी ५२४ पौंड झाली होती, भरताना चालू दर बघा; आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. अर्जाचा निकाल लागायचा असताना आयर्लंड वगैरे सोडून कुठंही बाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. लग्नकार्य असलं तरी.

तिथं १२ महिने व्हिसावर झाले असतील तर पैशाचा पुरावा लागत नाही. नसतील तर आईवडिलांच्या खात्यावर सलग २८ दिवस पूर्ण रक्कम हवी. एक दिवस जरी खाली गेली तर संपलं. खात्याला स्वीप एफडी (जादा शिल्लक आपोआप ठेवीत वळवणारी) जोडलेली असेल तर पासबुकात शिल्लक कमी दिसते, ती आधी काढून टाका. गल्लीतल्या पतसंस्थेच्या ठेवपावतीवर विसंबू नका, व्हिसावाल्यांना पडताळता येईल असं बँकेचं स्टेटमेंट लागतं. सोबत आईवडिलांचं संमतिपत्र आणि जन्मदाखला. आपल्याकडं जुन्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी सापडते. महापालिकेत नाव लावून घ्या. मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर.

बिंदू चौक
पासपोर्ट राहिला. जर्मनीचं कार्ड पासपोर्टाच्या मुदतीपलीकडं देत नाहीत, तेव्हा आधी तो. सुट्टीत आलेल्यांना कोल्हापुरातल्या पासपोर्ट केंद्रात नवा करता येतो: ३६ पानी १,५०० रुपये, ६० पानी २,०००, तत्काळला वर २,०००. जुना रद्द करताना कोपरा कापतात. चालू व्हिसाच्या पानाला कात्री लागू नये म्हणून काउंटरवर आधीच सांगा. परत जाताना दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा.