'द्विध्रुवीय', 'उन्माद' की 'चढ'? घरात बोलायला शब्द हवाय

ऐरोलीहून : धाकट्या भावाला बायपोलरचं निदान झालंय, म्हणजे मन कधी अति उत्साहाच्या तर कधी खोल नैराश्याच्या टोकाला जाण्याचा आजार. आईला मराठीत काय सांगू? एका पत्रकात 'द्विध्रुवीय विकार' छापलंय. ते वाचून आई म्हणाली, "म्हणजे लहरी. लहानपणापासून आहेच तो." बाबा 'मूड स्विंग' म्हणतात.

नौपाड्यातून : ताई, 'लहरी' अजिबात नको. लहर सकाळची दुपारी उतरते. इथे डॉक्टर उन्माद, म्हणजे ते अति उत्साहाचं टोक, म्हणताना साधारण आठवडाभर टिकलेली अवस्था बघतात, नैराश्यासाठी दोन आठवडे. शिवाय लहरी हा स्वभाव झाला, आणि स्वभावाला औषध नाही असं आपणच म्हणतो. या आजाराला औषध आहे.

'उन्माद' चरकसंहितेतही आहे, पण तिथे त्याचा आवाका फार मोठा. आज 'उन्मादी जमाव' वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दगडफेक येते. आमच्याकडे तसलं काहीच नव्हतं. यांनी रात्री तीनला माळा आवरायला काढला, पितळेची भांडी खाली उतरवून चिंचेने घासत बसले. झोप नाही, थकवा नाही, एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती उत्साह!" चारच दिवसांत कर्जाचे अर्ज भरून झाले होते. तेव्हापासून आम्ही 'चढ' आणि 'उतार' म्हणतो. "मला चढ लागतोय वाटतं" असं ते स्वतःही म्हणू शकतात, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

कोपरीहून : 'चढ' चांगला आहे, पण अपुरा. माझ्या बहिणीला दोन्ही एकदम होतं : मन पार खचलेलं आणि अंगात स्वस्थ बसू न देणारी तगमग. डॉक्टर त्याला मिश्र अवस्था म्हणतात. त्यात आत्महत्येचा धोका जास्त, म्हणून घरच्यांना हा शब्द माहीत हवाच. आणि एक विनंती, 'ठाण्याला पाठवा' हा वाक्प्रचार आपण ठाणेकरांनी तरी सोडावा. 1901 पासून इथलं मनोरुग्णालय माणसांवर उपचार करतंय. तिथे जाणं ही शिवी कशी होईल?

ऐरोलीहून : पटलं. या आजारावर जे लिथियम देतात, त्या औषधाला 'मिठाची गोळी' म्हटलं तर आई घाबरणार नाही, असं वाटतं.

नौपाड्यातून : क्षार आहे हे खरं, पण मीठ म्हणू नका. आई त्याच्या जेवणातलं मीठ कमी करेल. मीठ किंवा पाणी एकदम कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना फोन. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं विचारल्याशिवाय नाहीत. पातळी बघायला रक्त द्यायचं ते गोळीनंतर साधारण 12 तासांनी. किडनी आणि थायरॉईडही अधूनमधून तपासतात. तुमच्या ऐरोलीत रात्रपाळ्या खूप. भाऊ तशी नोकरी करत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी देऊन दिवसपाळी मागा. झोप मोडली की चढ लागायला वेळ लागत नाही.

कोपरीहून : 'तो बायपोलर आहे' असंही नको. 'त्याला मधुमेह आहे' तसं 'त्याला बायपोलर आहे'.

नौपाड्यातून : हो, अगदी. आणि शब्द भावालाच निवडू द्या, पण तो बरा असताना. चढात विचारलंत तर म्हणेल, मला झालंय काय? कुठल्या खुणा दिसल्या की तुम्ही डॉक्टरांना फोन करायचा, तेही तेव्हाच त्याच्याकडून लिहून घ्या. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीतही बोलतात.