‘कन्स्ट्रिक्शन’ला नेमका मराठी शब्द कोणता?

प्रश्न (नाशिकरोड): शरीरविज्ञानाच्या टिपणांचा मराठी अनुवाद करताना ‘कन्स्ट्रिक्शन’ आणि ‘कॉन्ट्रॅक्शन’ या दोहोंसाठी ‘आकुंचन’च लिहिले जाते. भेद कसा दाखवावा?

उत्तर (पंचवटी): ‘आकुंचन’ कॉन्ट्रॅक्शनसाठी राखून ठेवावे, कारण ‘आकुंचन-प्रसरण’ ही जोडी शाळेपासून रुळलेली आहे. ‘कन्स्ट्रिक्शन’ हा शब्द एकत्र घट्ट बांधणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला असून, त्यात भोवतालच्या दाबाने मार्ग अरुंद होणे अभिप्रेत असते. रक्तवाहिनीच्या भित्तीतील स्नायू आकुंचन पावतात आणि त्यामुळे वाहिनी अरुंद होते, असे लिहिल्यास दोन्ही क्रिया वेगळ्या राहतात. अजगराच्या बाबतीत मात्र ‘विळखा आवळणे’ याला तोड नाही!

उत्तर (दिंडोरी): द्राक्षबागेत बांधणीची सुतळी वेळेवर सैल केली नाही, तर ती वाढत्या खोडात रुतते, त्याला आम्ही ‘काच बसणे’ म्हणतो. आपल्या टिपणांत हा शब्द कदाचित शोभणार नाही, पण अर्थ तोच आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. डोळ्याच्या बाहुलीसाठी ‘बारीक होणे’ आणि वाहिनीसाठी ‘अरुंद होणे’ योजते.

उत्तर (पंचवटी): योग्य. ‘संकोच’ मात्र टाळावा. वाचकाला आधी लाजच आठवते.