मदत हवी आहे: 'हुरडा पार्टी' म्हणलं की तुम्ही काय समजता?

मंडळी, सोलापूरचाच आहे तरी विचारतोय, हसू नका. संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकली की एखाद्या रविवारी मामाच्या शेतावर जमायचं ठरवलंय, मोहोळच्या अलीकडं. ग्रुपवर आपलं सरळ 'हुरडा पार्टी, सगळ्यांनी यायचं' असं टाकलं तर ज्यानं त्यानं आपल्या सोयीचा अर्थ काढलाय.

पुण्याची मावसबहीण विचारतीय माणशी किती, आणि त्यात नाष्टा, जेवण, बैलगाडी सगळं धरून का? तिची चूक नाही म्हणा, तिकडं कृषी पर्यटनवाल्यांचं पॅकेजच तसं असतंय. कंपनीतल्या पोरांनी 'पार्टी' एवढाच शब्द वाचला आणि लगेच 'मग बसायचंय ना?', आता शनिवार-रविवारचं बसणं म्हणजे काय ते इथं सांगायला नको, आणि तिथं आजी, मामी, लेकरंबाळं सगळी असणार ओ. आजीला तर पार्टी म्हणजे इलेक्शनमधलीच माहिती. ती म्हणती हुरडा खायला जायचं म्हणा की, खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळून गरम गरम खायची, बोटं पोळली तरी हात थांबत नाही, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. झालं.

तर मेसेज कसा लिहू की कुणाला राग पण येणार नाही आणि बाटल्या पण येणार नाहीत? आणि रविवार कुठला धरू?

प्रतिसाद:
तारीख कॅलेंडरवर नका ठरवू, पेरा कधीचा आहे ते मामांना विचारा. दाणा दाबल्यावर नुसतं दूध निघालं तर अजून कच्चा आहे, कडक लागला तर गेला, मधलं मऊ असतंय ते आठ-दहा दिवसच. आणि ज्वारीची जात कुठली पेरलीय ते पण विचारा, मालदांडी भाकरीला एक नंबर पण हुरड्याला गुळभेंडी नाहीतर सुरती पाहिजे, चोळली की दाणा लगेच सुटतो.

मेसेजमधनं पार्टी काढून टाका. 'रविवारी सकाळी १० ला शेतावर हुरडा खायला या, घरची सगळी आहेत, पैसे नाहीत, येताना दही आणा' एवढं बास. पोरांना आगटीजवळ कणसं चोळायला बसवा, बसायचंच आहे ना त्यांना.